एल. ए. कॉन्फिडेन्शियल: वर्दीतले गुन्हेगार आणि दुसऱ्यांदा पाहायचा सिनेमा

अंधारातली_खुर्ची

(सुरुवातीला रहस्यभेद नाही. जिथून सुरू होतो तिथे तसं लिहिलंय. सिनेमा पाहिला नसेल तर तिथे थांबा, पाहून घ्या आणि मग पुढचं वाचा.)

'एल. ए. कॉन्फिडेन्शियल' पुन्हा पाहिला, या वेळी ब्लू-रेवर, आणि त्याच्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. १९९७ चा सिनेमा. दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन, मूळ कादंबरी जेम्स एलरॉयची, पटकथा हॅन्सन आणि ब्रायन हेल्गलंड यांची. ऑस्करची नऊ नामांकनं होती, पण ते वर्ष 'टायटॅनिक'चं. त्या लाटेतून दोनच पुरस्कार हाती लागले: किम बेसिंजरला सहाय्यक अभिनेत्रीचा आणि रूपांतरित पटकथेचा. पटकथेचा तर मिळायलाच हवा होता. इतकी पात्रं, इतके धागे, आणि एकही लोंबकळत राहत नाही.

काळ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा. लॉस एंजेलिसचा गुंडसम्राट मिकी कोहेन तुरुंगात गेलाय (हा खराखुरा माणूस, १९५१ मध्ये करचुकवेगिरीत अडकला) आणि त्याची गादी रिकामी आहे. 'नाइट आउल' नावाच्या कॉफी शॉपमध्ये एका रात्री गोळ्या घालून सामूहिक हत्याकांड होतं. तपासात तीन पोलीस वेगवेगळ्या वाटांनी ओढले जातात. बड व्हाइट (रसेल क्रो) मुठीने बोलणारा. एड एक्सली (गाय पिअर्स) नियमावर बोट ठेवणारा, चष्मेवाला, बढतीसाठी टपलेला. आणि जॅक व्हिन्सेन्स (केव्हिन स्पेसी), जो टीव्हीवरच्या पोलीस मालिकेचा सल्लागार आहे आणि एका गॉसिप मासिकाच्या संपादकाशी संगनमत करून नटनट्यांना रंगेहाथ पकडतो. अटक याची, फोटो त्याचा, पैसे दोघांचे.

इथे भ्रष्टाचार म्हणजे नुसता पाकिटाचा व्यवहार नाही. या पोलीस खात्याला सगळ्यात जास्त काय जपायचंय, तर आपली प्रतिमा. टीव्हीवरचा पोलीस स्वच्छ, वर्तमानपत्रातला पोलीस शूर, आणि या दोन चित्रांच्या आडोशाला बाकी सगळं चालतं. पैसा खाणारा अधिकारी एक असेल, पण त्या आडोशाची गरज प्रत्येकालाच आहे. बडला त्यात मारहाण खपवता येते, जॅकला प्रसिद्धी मिळते, एडला बढती. खात्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणूनच निर्धास्त असतो. तो लपलेला नाही, सगळ्यांच्या सोयीत मिसळून गेलाय.

इथून पुढे रहस्यभेद

सुरुवातीला कॅप्टन डडली स्मिथ (जेम्स क्रॉमवेल, काय माणूस आहे!) एडला तीन प्रश्न विचारतो. गुन्हेगार दोषीच आहे हे ठाऊक असेल, तर त्याच्याविरुद्ध खोटा पुरावा पेरशील का? मारून कबुलीजबाब काढशील का? वकील त्याला सोडवून नेईल या भीतीने पाठीत गोळी घालशील का? एड तिन्हींना नाही म्हणतो. डडली त्याला जवळजवळ बापाच्या मायेने सांगतो, मग बाबा डिटेक्टिव्ह होऊ नकोस.

पहिल्यांदा पाहताना हे संभाषण अनुभवी वरिष्ठ आणि भाबडा कनिष्ठ यांच्यातलं वाटतं. शेवट ठाऊक असताना ते ऐकलं की अंगावर येतं, कारण शेवटी एड डडलीला पाठीतच गोळी घालतो. प्रश्न विचारणाराच त्या प्रश्नाचं उत्तर होऊन खाली पडतो. तोपर्यंत एड एका मोटेलच्या खोलीत वेढला गेलाय, बड रक्ताच्या थारोळ्यात आहे, आणि बाहेर पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे जवळ येतायत. डडली बिल्ला हातात धरून शांतपणे चालू लागतो, कारण त्याला खात्री आहे की आलेले लोक 'आपलेच' आहेत. त्या चालण्यात जराही घाई नाही.

आणि त्यानंतर? खातं डडलीला हुतात्मा जाहीर करतं. एडला पदक मिळतं. सत्य कागदावर येतच नाही, कारण ते आलं तर प्रतिमा जाईल. एड हा सौदा खुल्या डोळ्यांनी स्वीकारतो. 'सज्जनाचा विजय' म्हणून कोणी हा शेवट सांगितला तर मला ते पटत नाही.

हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहण्यासाठीच रचलेला आहे, त्यामुळे घरी डिस्क असणं इथे खरंच उपयोगाचं. उदाहरणार्थ, बाहेरगावच्या गुंडांना व्हिक्टरी मोटेलमध्ये नेऊन झोडपायचं आणि शहराबाहेर हाकलायचं, हे काम डडली बडकडून करून घेतो. पहिल्या वेळी वाटतं, कठोर पण कार्यक्षम पोलीस. दुसऱ्या वेळी कळतं की कोहेनच्या रिकाम्या गादीवर बसण्यासाठी तो स्पर्धक हटवतोय, तेही सरकारी पगारावरच्या माणसाच्या मुठीने. एकही संवाद बदलत नाही, अर्थ मात्र उलटा होतो.

कोणाकडे कुठली आवृत्ती आहे, काय पाहण्यासारखं वाटलं, लिहा.

---

निळी_शाई

उत्तम धागा. तीन प्रश्नांची जोडणी माझ्या लक्षात आली होती, पण दुसऱ्या प्रश्नाचं पुढे काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही. चौकशीचं ते दृश्य आठवा. तीन संशयित, तीन खोल्या. एड एका खोलीतून दुसरीत जातो आणि खटका दाबून एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकवतो, हवं तेवढंच. हात उचलत नाही, पण पोरांना आतून मोडून काढतो. काचेपलीकडे बाकीचे अधिकारी थक्क होऊन बघतायत. मग अपहरण झालेल्या मुलीचा उल्लेख येतो आणि बडचा संयम सुटतो. हातातली खुर्ची मोडते, तो आत घुसतो आणि पिस्तूल थेट संशयिताच्या तोंडात घालतो.

म्हणजे एडने 'मारून कबुली' घेतली नाही, पण जी वाट त्याने खुली केली तिच्यावरून बड आत गेला. आणि माहिती मिळाली ती बडच्या पद्धतीने. हॅन्सन इथे कोणालाच स्वच्छ सोडत नाही.

---

रिळावरचा

तो प्रसंग दृश्यरचनेसाठी पुन्हा पाहा. दान्ते स्पिनॉटीचं छायाचित्रण आहे. बोलणाऱ्याचा चेहरा आणि काचेत पडलेलं ऐकणाऱ्याचं प्रतिबिंब एकाच चौकटीत येतात. कोण कोणावर नजर ठेवून आहे हे तोंडाने सांगावं लागत नाही.

स्पिनॉटीने रॉबर्ट फ्रँकची छायाचित्रं डोळ्यासमोर ठेवली होती, अमेरिकेतल्या साध्या माणसांची, काहीशी खडबडीत. म्हणून १९५० चं दशक दाखवूनही हा सिनेमा सेपिया रंगात बुडवलेला नाही. धूर, झडपांच्या पडद्यातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या, असलं ठराविक 'न्वार' (जुन्या काळोख्या गुन्हेपटांचं) सामान जवळपास टाळलंय. भरपूर ऊन आहे. हॅन्सनचा आग्रह होता की माणसं पुढे राहिली पाहिजेत आणि काळ मागे. मोटारी, फलक, कपडे सगळं अचूक आहे, पण कॅमेरा त्याच्यावर रेंगाळत नाही. पिअर्स पॅचेट...

---

रिळावरचा

(वरचा प्रतिसाद अर्धवट गेला.) पिअर्स पॅचेटचं घर म्हणून दाखवलेली इमारत म्हणजे लोव्हेल हेल्थ हाउस, वास्तुकार रिचर्ड नॉयट्राची, १९२९ ची. पांढऱ्या भिंती, काच, स्वच्छ रेषा. नावातच 'आरोग्य' असलेल्या त्या घरात शरीराचा धंदा चालवणारा माणूस राहतो. ठिकाणाची निवडसुद्धा इतकी विचारपूर्वक आहे.

---

आडवाट

इतिहासाचा भाग थोडा लिहितो, कारण सिनेमात पोलीस ठाण्यात जी मारहाण होते ती पुष्कळांना लेखकाची कल्पना वाटते.

ती घडलेली आहे. २५ डिसेंबर १९५१ ला लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी कोठडीत सात तरुणांना अमानुष मारलं. त्यातले पाच मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, दोन गोरे. आदल्या रात्री एका बारमध्ये पोलिसांशी त्यांची झटापट झाली होती. ठाण्यात नाताळची पार्टी चालू होती, दारू वाहत होती, आणि एका पोलिसाचा डोळा गेला अशी अफवा पसरली. मग झुंडच्या झुंड कोठडीत उतरली. प्रकरण आधी दडपलं गेलं. मेक्सिकन अमेरिकन समाजाने आणि वर्तमानपत्रांनी रेटा लावल्यावर आठ पोलिसांवर आरोप ठेवले गेले, पाच दोषी ठरले, ५४ जणांच्या बदल्या झाल्या आणि ३९ निलंबित झाले. ती घटना 'रक्ताळलेला नाताळ' म्हणूनच ओळखली जाते.

त्या वेळी पोलीसप्रमुख होता विल्यम पार्कर. १९५० मध्ये त्याने सूत्रं घेतली आणि खात्याची प्रतिमा हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता. त्याच काळात 'ड्रॅगनेट' ही मालिका आधी रेडिओवर आणि १९५१ पासून टीव्हीवर गाजत होती. तिला लॉस एंजेलिस पोलिसांचं सहकार्य होतं आणि संहिता खात्याच्या नजरेखालून जात. सिनेमात जॅक ज्या मालिकेचा सल्लागार आहे तिचा साचा हाच. डॅनी डिव्हिटो चालवतो त्या मासिकाचा साचा म्हणजे १९५२ मध्ये सुरू झालेलं 'कॉन्फिडेन्शियल'.

म्हणून 'प्रतिमेच्या आडोशाला' हे जे मूळ लेखात म्हटलंय ते मला फार नेमकं वाटलं. हा सिनेमा १९९७ मध्ये आला हेही विसरू नये. त्याच शहरात १९९१ मध्ये रॉडनी किंगला पोलिसांनी रस्त्यावर झोडपलं, त्याची चित्रफीत जगाने पाहिली, आणि १९९२ मध्ये पोलिसांच्या सुटकेनंतर शहर पेटलं. कोठडीतल्या मारहाणीचं दृश्य पाहताना त्या शहरातल्या प्रेक्षकाच्या मनात हे सगळं ताजं होतं.

---

वाचनवेडी

कादंबरीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझा रुमाल.

एलरॉयच्या 'एल. ए.' चतुष्टयातली ही तिसरी कादंबरी, १९९० ची. तिचा पसारा जबरदस्त आहे, कथानक वर्षानुवर्षं पसरलेलं, वाक्यं तोडलेली, तारेच्या मजकुरासारखी. हॅन्सन आणि हेल्गलंड यांनी तिन्ही पोलिसांना धरून ठेवलं आणि त्यांच्याशी थेट न जोडलेलं बरंच काही काढून टाकलं. एडचा बाप पुस्तकात जिवंत आहे, पोलिसातून बाहेर पडून बांधकामातला बडा माणूस झालेला. सिनेमात तो आधीच मेलाय, एका भुरट्या चोराच्या हातून, आणि तो चोर कधीच सापडला नाही. त्या बिनचेहऱ्याच्या मारेकऱ्याला एडने स्वतःच एक नाव दिलंय: रोलो टोमासी.

हे नाव पुस्तकात नाहीच, पटकथेत जन्मलंय. आणि सगळा सिनेमा त्याच्यावर फिरतो! एड ते फक्त जॅकला सांगतो. नंतर रात्री जॅक डडलीच्या स्वयंपाकघरात बसून आपला संशय मांडत असतो आणि डडली बोलता बोलता गोळी घालतो. जॅकच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग अगदी पुसटसं हसू, आणि शेवटच्या श्वासात तो ते नाव उच्चारतो. डडलीला वाटतं हा कोणी साथीदार असणार, म्हणून तो दुसऱ्या दिवशी एडलाच विचारतो, हा रोलो टोमासी कोण? त्या क्षणी गाय पिअर्सचा चेहरा बघा. काही म्हणजे काही हलत नाही, फक्त नजर थिजते. आयुष्यभर पोलिसी कमाईवर चैन केलेला जॅक मरताना एक पुरावा पेरून जातो, आणि तो खरा असतो.

अजून एक फरक. पुस्तकात डडली सुटतो, पुढच्या 'व्हाइट जॅझ' कादंबरीतही तो आहे. सिनेमाने त्याला संपवलं. मला पुस्तकाचा शेवट जास्त खरा वाटतो, पण सिनेमाचा त्याच्या रचनेत चपखल बसतो.

---

सांजवेळ

सिनेमा मलाही अतिशय आवडतो, म्हणून हे लिहिते.

बड व्हाइटला बायकांवर हात उचलणाऱ्यांचा संताप आहे. लहानपणी त्याच्या बापाने आईला त्याच्या डोळ्यांदेखत मारून टाकलं. हीच त्याची ओळख, पहिल्या प्रसंगापासून. आणि तोच माणूस पुढे आपल्या प्रेयसीला, लिनला (बेसिंजरची भूमिका), मारतो. याच्याइतकी भयंकर गोष्ट त्याच्या बाबतीत दुसरी घडूच शकत नव्हती, पण सिनेमा तिथे थांबत नाही. लिनच्या चेहऱ्यावरचे वळ एका दृश्यात दिसतात, आणि शेवटी ती त्याला घेऊन ॲरिझोनाला आपल्या गावी निघते. तिने त्याला क्षमा कधी केली, का केली, हे आपल्याला दाखवलंच नाही.

दुसरं, चौकशीतले ते तीन कृष्णवर्णीय तरुण. नाइट आउलच्या बाबतीत ते निर्दोष, पण अपहरण आणि बलात्काराच्या दुसऱ्या गुन्ह्यात दोषी. त्यामुळे एडने त्यांना गोळ्या घातल्याचं ओझं प्रेक्षकावर फारसं येत नाही. आणि ती मेक्सिकन मुलगी, इनेझ, तिच्या खोट्या जबानीवर सगळी केस उभी राहते. तिला एक फार महत्त्वाचं वाक्य मिळालंय: गुन्हेगारांना मरण यावं म्हणून खोटं बोलले, एरवी माझ्यावर काय झालं याची कोणी फिकीर केली असती? (शब्द माझे, आशय तिचा.) एवढं बोलून ती सिनेमातून जाते. पोलीस खात्याची प्रतिमा हा विषय असेल तर त्या प्रतिमेखाली चिरडले गेलेले लोक इतके कडेला का?

---

अंधारातली_खुर्ची

सांजवेळ, इनेझच्या बाबतीत पूर्ण सहमत. तिच्या त्या वाक्याने एडचं नाइट आउलबद्दलचं पदक एका क्षणात पोकळ होतं, आणि सिनेमा तिच्याबरोबर आणखी एखादं दृश्य राहिला असता तर तो नक्कीच मोठा झाला असता.

लिनबाबत माझं मत जरा वेगळं आहे. मारहाणीचा प्रसंग सिनेमा झटकून टाकतो असं मला वाटत नाही. डडलीच्या आखणीतच ते आहे: लिन आणि एडचे फोटो बडच्या हाती पडतील अशी व्यवस्था होते, म्हणजे तो आपल्या बापासारखा वागेल आणि एडवर तुटून पडेल. बडच्या संतापाचा आयुष्यभर हत्यारासारखा वापर झाला, इथेही झाला, फक्त या वेळी समोर लिन होती. पण तिची बाजू दाखवलेली नाही हा तुमचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. बेसिंजरने जे केलंय ते लिहिलेल्या भूमिकेपेक्षा जास्त आहे.

---

तिसरा_अंक

एक तांत्रिक शंका. माझ्याकडची जुनी डीव्हीडी युरोपातली आहे. वेष्टनावर १३२ मिनिटं लिहिलंय. सगळीकडे मात्र १३८ मिनिटं दिसतात. सहा मिनिटं कापली आहेत का? कोणते प्रसंग?

---

रिळावरचा

काहीही कापलेलं नाही, निश्चिंत राहा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. युरोपातल्या पाल पद्धतीच्या टीव्हीला २५ लागतात. त्यामुळे त्या डीव्हीडींवर सिनेमा सरसकट थोडा वेगाने पळवला जातो, साधारण चार टक्के. १३८ ला तो हिशेब लावला की १३२ च्या आसपास आकडा येतो. आवाजाची पट्टीही त्यामुळे किंचित चढते. बहुतेकांना जाणवत नाही, पण क्रॉमवेलचा तो खालचा, मधाळ आयरिश आवाज मूळ पट्टीतच ऐकावा. ब्लू-रेवर २४ चौकटी असतात, तिथे हा प्रश्न उरत नाही.

जुन्या कॅसेटबद्दलही सांगतो, कारण तिथे खरंच नुकसान होतं. हा सिनेमा सुपर ३५ पद्धतीने चित्रित झालाय. म्हणजे साध्या भिंगाने पूर्ण उंचीची चौकट टिपायची आणि पडद्यासाठी तिच्यातली रुंद पट्टी वापरायची, प्रमाण सुमारे २.३५ ला १. चौकोनी टीव्हीसाठी आवृत्ती करताना एक तर वरखालचा न दाखवायचा भाग उघडा करतात, नाही तर बाजू छाटतात, आणि बहुधा शॉटनुसार दोन्ही. दोन्हीत रचना मोडते. वर बोललो ते चौकशीचं दृश्य घ्या: डावीकडे चेहरा, उजवीकडे काचेतलं प्रतिबिंब. बाजू छाटली की दोनातलं एक जातं, आणि त्याबरोबर प्रसंगाचा अर्थही. रुंद चौकटीचीच आवृत्ती पाहा. वरखाली काळे पट्टे आले तर येऊ देत.

---

तिसरा_अंक

वा, मनापासून आभार. इतकं स्वच्छ कोणी समजावलं नव्हतं.

---

निळी_शाई

डिस्कवरच्या जादा गोष्टींबद्दल कोणी सांगेल का? स्ट्रीमिंगवर नुसता सिनेमा मिळतो, बाकी काही नसतं.

---

अंधारातली_खुर्ची

सांगतो. आधीची डीव्हीडी १९९८ ची, वॉर्नरची, पुठ्ठ्याच्या त्या खटकेवाल्या वेष्टनात. मग सप्टेंबर २००८ मध्ये दोन डिस्कची विशेष आवृत्ती आणि ब्लू-रे एकाच वेळी आले.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा ऐवज पहिल्या डीव्हीडीपासूनच आहे: हॅन्सनची छायाचित्रं. स्टुडिओला सिनेमा पटवून देताना त्याने जुनी पोस्टकार्डं आणि फोटो, पंधराएक, पुठ्ठ्यांवर चिकटवून नेले होते. डिस्कवर तो स्वतः ते एकेक करून दाखवतो. आधी येतं ते जगाला विकलेलं शहर: संत्र्यांच्या बागा, समुद्र, टुमदार घरं. मग त्याच्याखालचं शहर: मासिकांमधली लफडी, नट, पोलीस, धंदा. मग माणसांचे चेहरे. सिनेमाची सुरुवात आठवा, डिव्हिटोचा आवाज आणि त्यावर ती उन्हात न्हालेली दृश्यं. ती सुरुवात म्हणजे हे पुठ्ठेच आहेत. नामांकित तारे हाताशी नसताना, दोन मुख्य भूमिकांसाठी ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेले आणि अमेरिकेत फारसे माहीत नसलेले नट घेऊन त्याने हा सिनेमा उभा केला. विचार किती पक्का होता ते त्या काही मिनिटांत कळतं.

त्याच डिस्कवर नुसत्या संगीताचा ट्रॅक आहे. संवाद बंद, जेरी गोल्डस्मिथचं संगीत चालू. सगळा सिनेमा तसा पाहायची गरज नाही. शेवटची चकमक पाहा. मोटेलमधल्या प्रतीक्षेत संगीत किती कमी आहे आणि गोळीबार सुरू झाल्यावर ताल कसा आवळत जातो, ते एरवी आवाजांच्या गर्दीत निसटतं. शांत जागांमधलं ते एकटं ट्रम्पेट तर अप्रतिम. सिनेमातली ठिकाणं दाखवणारा नकाशाही आहे.

२००८ मध्ये भर पडली ती कॉमेंटरीची, म्हणजे सिनेमा चालू असताना ऐकायच्या निवेदनाची. त्यात समीक्षक अँड्र्यू सॅरिस, स्वतः एलरॉय, हेल्गलंड, स्पिनॉटी आणि बरेच कलाकार आहेत. वेगवेगळं ध्वनिमुद्रित करून एकत्र शिवलेलं, त्यामुळे गप्पांची मजा नाही, पण एलरॉय बोलू लागला की कान टवकारतात. त्याच्या आईचा १९५८ मध्ये त्याच शहराच्या परिसरात खून झाला आणि मारेकरी सापडला नाही. एवढं ठाऊक असलं की सिनेमातला बिनचेहऱ्याचा मारेकरी आणखी टोचतो, मग त्याचं नाव पटकथाकारांनी शोधलेलं का असेना. छायाचित्रण, कलाकारांची निवड आणि पुस्तकापासून पडद्यापर्यंतचा प्रवास यांवर छोटे माहितीपटही आहेत.

---

आडवाट

त्या २००८ च्या आवृत्तीत याच कथेवरच्या टीव्ही मालिकेचा पायलटही (नमुन्याचा पहिला भाग) आहे ना? कीफर सदरलँड असलेला?

---

अंधारातली_खुर्ची

हो, सदरलँड जॅक व्हिन्सेन्सच्या भूमिकेत. मालिका पुढे सरकलीच नाही. पायलट वाईट नाही, सदरलँड तर चांगलाच आहे. पण टीव्हीच्या चौकटीत सगळी दुनिया आक्रसते, आणि सिनेमात जे दोन नजरांमध्ये उरकतं ते तिथे बोलून दाखवावं लागतं.

---

वाचनवेडी

धागा वाचताना सारखा 'अर्धसत्य' आठवतोय. १९८३ चा, गोविंद निहलानींचा. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा आणि दिलीप चित्र्यांची ती कविता. तिथेही पोलीस, तिथेही बापाची सावली, तिथेही बाईवर हात उचलणाऱ्या बापाचा मुलगा. ओम पुरींचा वेलणकर कोठडीत संशयिताला मारून टाकतो, निलंबनातून वाचण्यासाठी ज्याच्याविरुद्ध लढला त्याच रामा शेट्टीकडे जातो, आणि शेट्टी त्याला आपला माणूस करून घेऊ पाहतो तेव्हा त्याचा गळा आवळतो. मग सरळ ठाण्यात जाऊन हजर होतो.

एक्सलीसुद्धा शेवटी कायदा मोडूनच मारतो. फरक त्यानंतरचा. वेलणकर स्वतःला कायद्याच्या हवाली करतो. एक्सली खात्याशी बोलणी करतो आणि पदक घेतो.

---

सांजवेळ

वाचनवेडी, ही जोडणी फार आवडली. आणि एक्सलीला ते पदक घालताना लिन दुरून बघत असते, ते आत्ता लक्षात आलं. तिला तो काय करतोय हे पुरतं कळलेलं आहे. तिचं हसू कौतुकाचं आहे, पण ती थांबत नाही.

---

निळी_शाई

ज्याने अजिबात पाहिलेला नाही अशा मित्राला द्यायचा आहे. कुठून सुरुवात करायला सांगू?

---

अंधारातली_खुर्ची

नुसता सिनेमा, ब्लू-रेवर, खोलीत अंधार करून, मध्ये न थांबता. आधी काहीही वाचायचं नाही, हा धागाही नाही, आणि डिस्कच्या मेनूतल्या माहितीपटांनाही हात लावायचा नाही, त्यांत शेवट उघड होतो. मग हॅन्सनची छायाचित्रं. काही दिवसांनी सिनेमा पुन्हा, या वेळी डडली पडद्यावर असेल तेव्हा फक्त त्याच्याकडे बघत. कॉमेंटरी सगळ्यात शेवटी.

---

रिळावरचा

अनुमोदन. आणि टीव्हीतलं ते चौकटी गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करायला सांगा. नाही तर स्पिनॉटीचं काम मालिकेसारखं दिसतं.